सशाचे आरोग्य : काळजी केव्हा करावी, पशुवैद्यकाकडे केव्हा न्यावे?

कोकणातील घराच्या मागील दारी गाय, बैल, कोंबड्या असतातच. त्यांच्या जोडीला आता बऱ्याच घरी सशाचा पिंजराही दिसतो. कोणी मुलांच्या हौसेखातर एखादी जोडी आणतो, तर कोणी जोडधंदा म्हणून पाच-दहा माद्या पाळतो. ससा लहान जागेत राहतो, आवाज करीत नाही, गवत-पाल्यावर पोसला जातो. त्यामुळे त्याचे फारसे काही करावे लागत नाही, असा समज होतो. हा समजच पुष्कळदा त्याच्या जिवावर बेततो.

गाय आजारी पडली की तिचा रवंथ थांबतो, दूध आटते, धार काढताना ते लगेच ध्यानात येते. शेळी ओरडते. ससा मात्र आजारपण लपवतो. कोल्ह्या-मुंगसाच्या भक्ष्याने आपला अशक्तपणा दाखवला तर तो पहिल्यांदा उचलला जातो. म्हणून शेवटपर्यंत धडधाकट दिसणे हा सशाचा उपजत स्वभाव आहे. तो मलूल दिसू लागला, याचा अर्थ आजार बराच पुढे गेला आहे असाच घ्यावा.

नेहमी घडणारा प्रसंग असा. संध्याकाळी मूल सांगते, "बाबा, सशाने आज पाला खाल्ला नाही." घरची मंडळी म्हणतात, "नसेल भूक, सकाळी बघू." सकाळी ससा कोपऱ्यात पाठ वाकवून बसलेला असतो, कान थंड पडलेले असतात, पिंजऱ्याखाली एकही लेंडी नसते. एस.टी. धरून दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार होते आणि उपचाराची वेळ निघून गेलेली असते. हा प्रसंग टाळता येतो. त्यासाठी सशाच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या चाऱ्याकडे आणि लेंड्यांकडे पाहावयास शिकले पाहिजे.

घरचा ससा आणि रानचा ससा

प्रथम एक खुलासा. आपण दोघांनाही ससाच म्हणत असलो तरी पिंजऱ्यात पाळतात तो ससा आणि आपल्या माळरानावरचा ससा हे निरनिराळे प्राणी आहेत. पाळीव सशाचे मूळ युरोपात, स्पेन-फ्रान्सच्या बाजूला आहे. त्याची पिल्ले आंधळी आणि उघडी, म्हणजे केस नसलेली जन्मतात. रानसशाची पिल्ले डोळे उघडे व अंगावर केस असलेली जन्मतात. भातकापणीच्या वा गवतकापणीच्या वेळी अशी पिल्ले सापडल्यास घरी आणू नयेत. आई जवळपास असते व ठरावीक वेळी येऊन पाजून जाते. शिवाय रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण असल्यामुळे तो पकडणे वा पाळणे हा गुन्हा ठरतो. या लेखातील माहिती पाळीव सशासाठी आहे.

पाळीव ससा मुळात थंड हवेतला, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे दक्षिणेकडील केंद्र तामिळनाडूत कोडाईकनालच्या डोंगरात मन्नवनूर येथे आहे. सोव्हिएत चिंचिला, व्हाईट जायंट अशा जाती तेथील थंड हवेत चांगल्या वाढतात. रत्नागिरीची दमट, उष्ण हवा त्यांना तितकी मानवत नाही. म्हणून आपल्याकडे सशाची निगा अधिक काळजीने राखावी लागते.

बारा तासांचे महत्त्व

सशाचे पोट सतत चालू राहणाऱ्या घाण्यासारखे आहे. तो दिवस-रात्र थोडे थोडे खातो. खाल्लेला चारा लहान आतड्यातून पुढे गेल्यावर मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीसारख्या भागात येतो. तेथे उपयोगी जंतू तो आंबवतात. गवतातील तंतूमुळे आतडी हलती राहतात. खाणे थांबले की ही हालचाल मंदावते, आतील चारा सुकतो, वायू धरतो, पोट दुखू लागते. आणि पोट दुखते म्हणून ससा आणखीच खात नाही. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात अडकलेले वर येण्याचा मार्गही नसतो. उपासमार लांबली तर अंगावरची चरबी यकृतात साठून यकृत निकामी होते. लठ्ठ ससे व गाभण माद्या यांना हा धोका जास्त असतो.

म्हणून नियम असा पाळावा: सशाने बारा तास काही खाल्ले नाही किंवा बारा तासांत लेंड्या टाकल्या नाहीत, तर त्याच दिवशी पशुवैद्यकास दाखवावे. संध्याकाळी चारा शिवला नसेल तर "सकाळी बघू" असे म्हणू नये. त्याच वेळी डॉक्टरांना दूरध्वनी करून काय करावे ते विचारावे. ससा आवडता पालाही नाकारत असेल, तर बारा तास पुरे होण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

रोजची दोन वेळची पाहणी

सकाळी चारा टाकताना व संध्याकाळी पिंजरा झाकताना दोन-दोन मिनिटे पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. चारा : रात्री टाकलेल्यापैकी किती उरला? चारा पाहून ससा पुढे येतो की कोपऱ्यातच बसतो?

२. लेंड्या : निरोगी सशाच्या लेंड्या गोल, वाटाण्याएवढ्या, कोरड्या असतात आणि दाबल्यावर त्यांत गवताचे तुकडे दिसतात. मोठा ससा दिवसाला १०० ते ३०० लेंड्या टाकतो. त्या एकाएकी बारीक झाल्या, कमी झाल्या किंवा केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, तर पोटाचे काम मंदावले आहे असे समजावे.

३. पाणी : भांडे वा नळीची बाटली रिकामी झाली का? मोठ्या सशास वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० ते १५० मि.लि. पाणी लागते. बाटलीच्या नळीत शेवाळ अडकून पाणी बंद होते, तिकडे लक्ष ठेवावे.

४. नाक, डोळे, कान : नाक कोरडे, डोळे स्वच्छ व कानात खपली नसावी. पुढच्या पायांची आतली बाजू पाहावी. ससा वाहते नाक पंजाने पुसतो, त्यामुळे तेथील केस चिकटलेले दिसतात.

५. मागील बाजू व तळपाय : शेपटीखाली घाण चिकटलेली नसावी. टाचेवरचे केस झडून कातडी लाल झालेली नसावी.

आठवड्यातून एकदा ससा टोपलीत बसवून वजन करावे व वहीत लिहून ठेवावे. वजन दहा टक्के घटले, म्हणजे दोन किलोच्या सशाचे दोनशे ग्रॅम कमी झाले, तर बाहेरून काही दिसत नसले तरी तपासणी करून घ्यावी. त्याच वेळी पुढचे दात पाहावेत. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मि.मी. वाढतात. भरपूर गवत चावल्यानेच ते झिजतात. नुसत्या गोळी खाद्यावर वा भात-पोळीवर ठेवलेल्या सशाचे दात वाढून वाकडे होतात आणि गाल व जीभ कापतात.

निरोगी सशाचे शरीराचे तापमान ३८.५ ते ४० अंश सें. असते. विश्रांतीच्या वेळी तो मिनिटाला ३० ते ६० वेळा श्वास घेतो. श्वास लांबून, ससा शांत असताना मोजावा. थर्मामीटर लावण्याचे काम मात्र डॉक्टरांकडून शिकल्याखेरीज करू नये.

या गोष्टींची काळजी करू नये

नव्या पाळणाऱ्यास पुढील गोष्टी आजारासारख्या वाटतात, परंतु त्या स्वाभाविक आहेत.

• ससा पहाटे आपल्या गुदद्वाराशी तोंड लावून मऊ, चमकदार, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या खातो. या लेंड्यांतून त्याला जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. त्यास अडवू नये. मात्र अशा मऊ लेंड्या न खाता पिंजऱ्यात रोज पडून राहू लागल्या तर खुराक जास्त होत असेल किंवा ससा लठ्ठ वा आजारी असेल.

• लघवी पिवळी, खडूच्या पाण्यासारखी पांढरट किंवा तांबूस होते. चाऱ्यातील रंगद्रव्यामुळे व चुन्याच्या अंशामुळे असे घडते. ससा खात-पीत असेल व लघवी सहज होत असेल तर एक-दोन दिवस पाहावे.

• मादी छातीचे केस उपटून घरटे करते. ती व्यायला आल्याची खूण आहे. गाभण नसतानाही काही माद्या असे करतात.

• मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तीही तीन ते पाच मिनिटेच पिल्लांना पाजते. इतर वेळी ती घरट्यात जात नाही म्हणून पिल्ले टाकली असे समजू नये. सकाळी पिल्लांची पोटे गोल व अंग उबदार असेल तर ती दूध पीत आहेत.

• वर्षातून दोन-तीनदा केस गळतात. कातडीवर खपली वा खाज नसेल तर ते स्वाभाविक आहे. या काळात गवत वाढवावे आणि मऊ ब्रशने केस विंचरून काढावेत.

ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे अशी लक्षणे

१. बारा तास खाणे किंवा लेंड्या बंद.

२. पोट ढोलासारखे ताठ. पाठ वाकवून बसणे. दात करकर वाजवणे. चोळल्यावर ससा समाधानाने हलके दात वाजवतो. वेदनेने वाजवलेले दात मोठ्याने ऐकू येतात व डोळे अर्धे मिटलेले असतात.

३. तोंड उघडून श्वास घेणे. ससा एरवी केवळ नाकानेच श्वास घेतो. त्याने तोंड उघडले म्हणजे प्रसंग गंभीर आहे.

४. पाण्यासारखी हगवण. दूध सोडवल्यानंतरच्या, म्हणजे चार ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत ती एका दिवसात जीव घेते.

५. मान एका बाजूस वाकडी होणे, लोळणे, झटके येणे.

६. मागचे पाय ओढणे. सशाच्या मागच्या पायांत जोर फार आणि पाठीचा कणा नाजूक. उचलताना त्याने हिसडा दिला तर कणा मोडतो.

७. शेपटीजवळ वा जखमेत अळ्या पडणे. पावसाळ्यात घाण लागलेल्या केसांत माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात.

८. लघवीसाठी कुंथणे, थेंब थेंब होणे, किंवा रक्ताच्या गाठी. तीन-चार वर्षांवरील मादीच्या अंगावरून रक्त जात असल्यास गर्भाशयातील गाठीची शंका घ्यावी. हा रोग वयस्क माद्यांत बराच आढळतो.

९. मादी कळा देत असूनही पिल्लू बाहेर न येणे. सशाचा गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा असतो व विणे साधारण अर्ध्या तासात आटोपते. ३२ दिवस उलटूनही मादी व्याली नाही, तरीही डॉक्टरांना दाखवावी.

१०. कुत्रा, मांजर वा मुंगूस चावणे. मांजराच्या दाताची जखम टाचणीएवढी दिसली तरी आत जंतू खोलवर गेलेले असतात.

११. कान थंड, अंग गार, हाताळल्यावर प्रतिकार नाही.

एक-दोन दिवसांत दाखवावीत अशी लक्षणे

शिंका व नाकातून पांढरा चिकट स्राव, डोळ्यांतून सतत पाणी, हनुवटीखाली लाळेने भिजलेले केस, कठीण चारा टाकून मऊ तेवढेच खाणे, कानात पिवळट-तपकिरी खपल्यांचे थर व मान झाडणे, नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या कडेवर व नखांच्या मुळाशी पांढरी खरूज, जबड्याखाली किंवा अंगावर गाठ, टाचेवर जखम, मादीचे सड लाल, गरम व कठीण होणे. यांपैकी काही दिसल्यास ससा ताबडतोब वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावा. खरूज व गजकर्ण माणसांनाही होतात, म्हणून अशा सशास मुलांनी हाताळू नये व मोठ्यांनी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

आपल्या जिल्ह्यातील तीन हंगाम, तीन धोके

*उन्हाळा.* मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात ससे उष्म्याने दगावतात. ससा घामाने अंग थंड करू शकत नाही. तो मुख्यतः कानांतून उष्णता बाहेर टाकतो. हवा ३० अंशांच्या वर व दमट असली की त्याला त्रास सुरू होतो. किनाऱ्यावर मे महिन्यात पारा याच्या वरच असतो, तर खेड, चिपळूणकडे आणखी चढतो. पत्र्याखाली पिंजरा ठेवू नये. कौलारू पडवी किंवा झाडाची सावली उत्तम. छतावर नारळाच्या झावळ्या टाकून त्यावर पाणी शिंपडावे. ससा लांब पसरून, मान वर करून भराभर श्वास घेऊ लागला, कान लाल व गरम झाले तर त्यास सावलीत वाऱ्यावर आणावे, कान साध्या पाण्याने भिजवावेत, अंगाखाली ओले फडके द्यावे आणि दवाखान्याकडे निघावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. एकदम थंडाव्याचा धक्का बसतो.

*पावसाळा.* जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ओल हीच या काळातील आजारांची आई होय. पिल्लांतील मुख्य रोग म्हणजे कॉक्सिडिओसिस. याचे परजीवी लेंडीतून बाहेर पडतात आणि उबदार ओलाव्यात दोन-चार दिवसांत रोग पसरवण्याजोगे होतात. म्हणून लेंड्या रोजच्या रोज काढल्या तर रोगाची साखळी तुटते. साध्या फिनाईलने हे परजीवी मरत नाहीत; पिंजरा उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावा. एक ते तीन महिन्यांची पिल्ले पोट सुटलेली, पाठ निघालेली, ढाळ लागलेली दिसली की ताज्या लेंड्या पिशवीत घालून दवाखान्यात न्याव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली निदान होते व सर्व पिल्लांना एकदम औषध देता येते.

पावसात कापलेले गवत ढीग करून ठेवल्यास आतून तापते व आंबते. ते पडवीत पसरून, सुकवून मगच घालावे. बुरशी धरलेला पेंढा, कुबट वास येणारी शेंगदाणा पेंड वा गोळी खाद्य जनावराला चालेल म्हणून सशाला घालू नये. बुरशीच्या विषाने यकृत बिघडते. खाद्य पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच आणावे. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे नवजात पिल्लांना मुंग्या लागत नाहीत.

*फवारणीचा हंगाम.* आंब्याचा मोहोर येतो तेव्हापासून फळे तयार होईपर्यंत हापूसच्या बागांत कीटकनाशकांच्या फवारण्या होतात. औषध झाडाखालच्या गवतावरही पडते. एवढ्याशा जिवाला त्याचा लहानसा अंशही घातक ठरतो. या दिवसांत बागेतील गवत सशासाठी कापू नये. शेजाऱ्याच्या बागेत फवारणी चालू असेल तर बांधावरचेही नको. भातखाचरात व माडाखाली टाकलेले उंदरांचे आमिष पिंजऱ्यापासून दूर असावे. लाळ गळणे, थरथरणे, झटके ही विषबाधेची लक्षणे आहेत. अशा वेळी औषधाचे वेष्टन किंवा त्यावरील नाव लिहून डॉक्टरांकडे न्यावे.

कण्हेर, घाणेरी, धोतरा, रुई यांचा पाला कधीही घालू नये. सुबाभूळ थोडी चालते, पण रोज पोटभर दिल्यास तिच्यातील मायमोसिन या द्रव्यामुळे केस गळतात.

दवाखान्यात नेईपर्यंत

ससा शांत, अंधाऱ्या जागी ठेवावा. अंग गार असेल तर कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवावी. ताजी हरळी, कोथिंबिरीच्या दोन काड्या व पाणी समोर ठेवावे. पोट ताठ असेल किंवा श्वास लागला असेल तर तोंडात काही ओतू नये. श्वासनलिकेत जाऊन ससा गुदमरतो.

कान धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली व दुसरा हात मागील भागाखाली घेऊन अंगाशी धरावे. नेण्यासाठी भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके वा झाकणाची टोपली घ्यावी, तळाशी गोणपाट व गवत घालावे. जोडीदाराशी त्याचे पटत असेल तर दोघांनाही बरोबर न्यावे; ससा कमी घाबरतो. वाटेत उपाशी ठेवण्याची गरज नाही. उलटी होत नसल्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीही सशास रात्रभर उपाशी ठेवत नाहीत.

घरचे औषध का नको

गोठ्यात जनावरांसाठी आणलेली औषधे असतात आणि त्यांतले थोडे सशाला देण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन यांसारखी प्रतिजैविके तोंडाने दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू वाढतात आणि हगवण लागून ससा दगावतो. घरातील माणसांच्या उरलेल्या कॅप्सूल म्हणूनच सशाला विषासारख्या. कुत्र्याच्या पिसवा-गोचिडांसाठी मानेवर टाकावयाचे फिप्रोनिलयुक्त औषधही सशाला वापरू नये.

खरजेवर आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन गुणकारी आहे; पण गुराढोरांसाठी मिळणाऱ्या एक टक्का औषधाच्या एका मि.लि.त १० मि.ग्रॅ. औषध असते. दोन किलोच्या सशाला वजनामागच्या नेहमीच्या मात्रेने त्याचा जेमतेम एखाद-दुसरा थेंबच लागतो. इतके सूक्ष्म माप घरच्या सिरिंजने होत नाही. ते काम पशुवैद्यकाचेच. खरजेवर रॉकेल, जळके ऑइल वा फिनाईल चोपडण्याची चाल तर सर्वस्वी सोडावी. ससा अंग चाटून ते सर्व पोटात घेतो.

कोठे न्यावे, काय सांगावे

श्रेणी-१ च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पदवीधर पशुवैद्यक असतात. श्रेणी-२ चा दवाखाना पशुधन पर्यवेक्षक पाहतात. ते प्रथमोपचार करून पुढे कोठे जावे ते सांगतात. घरी जनावर आजारी असल्यास १९६२ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करून फिरत्या पथकाची चौकशी करता येते. सगळ्याच डॉक्टरांकडे ससे नेहमी येतात असे नाही. म्हणून ससा निरोगी असतानाच तालुक्याच्या गावी कोणते डॉक्टर सशांवर उपचार करतात याची चौकशी करून त्यांचा क्रमांक पिंजऱ्यावर लिहून ठेवावा. आडवेळी शोधाशोध करण्यात महत्त्वाचे तास जातात.

डॉक्टरांना पुढील माहिती नेमकी द्यावी : शेवटचे खाणे व शेवटची लेंडी केव्हा, गेल्या दोन दिवसांत चाऱ्यात काय बदल केला, गवत कोठून आणले, कोणते औषध दिले, मादी असल्यास गाभण आहे का, इतर सशांत लक्षणे आहेत का. ताज्या लेंड्या बरोबर न्याव्यात. अनेक सशांपैकी एक अचानक मेला तर तो लगेच पुरू नये. पिशवीत घालून, बर्फावर ठेवून, काही तासांच्या आत शवविच्छेदनासाठी न्यावा. मेलेल्या एका सशावरून उरलेले नऊ वाचू शकतात.

खर्चाचा विचार

"सशाच्या किमतीपेक्षा रिक्षाचे भाडे जास्त," असे पुष्कळ जण म्हणतात. हिशेबाने ते खरेही असेल. पण ज्या घरातील मुलाने रोज सकाळी पाला आणून तो ससा वाढवला, त्या घरात हा हिशेब पुरा पडत नाही. आपल्या ताब्यातील मुक्या जिवाची नीट काळजी घेणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे. कधी कणा मोडलेला असतो, कधी रोग फार पुढे गेलेला असतो, आणि वेदनेतून सोडवणे एवढेच हाती उरते. तो निर्णयही डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा; पिंजऱ्याच्या कोपऱ्यात त्यास तळमळत ठेवू नये.

चांगली निगा राखल्यास घरचा ससा आठ-दहा वर्षे जगतो. त्यासाठी महागडे काही लागत नाही. भरपूर गवत, कोरडा पिंजरा, सावली, स्वच्छ पाणी, आणि सकाळ-संध्याकाळ दोन मिनिटांची नजर एवढे पुरते. पाहणीचे काम घरातील मुलांना वाटून द्यावे; लेंड्या मोजण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही आणि बदल त्यांच्याच नजरेला आधी पडतो. मात्र मूल येऊन "आज त्याने खाल्ले नाही" असे सांगेल, तेव्हा हातातले काम ठेवून उठावे व घड्याळ पाहावे. बारा तासांची गणती तेथून नव्हे, तर त्याने शेवटचे खाल्ले तेव्हापासून सुरू झालेली असते.